एनपीएस भरायला कर्ज काढू का?

प्रश्न असा: वय ४४, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर. वर्षाचा पगार ११ लाख, गृहकर्जाचा हप्ता महिना २२,०००, दोन मुलं शाळेत. आयकर जुन्या पद्धतीनं भरतो. कलम ८०सी च्या वजावटीचे दीड लाख पीएफ, एलआयसी आणि गृहकर्जाच्या मुद्दलातच भरून जातात. मार्च तोंडावर आलाय. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, ५०,००० टाकले तर जादा वजावट मिळते म्हणतात, पण हातात रक्कम नाही. बायकोचं सोनं तारण ठेवून भरू का? दुसरं, भाचा टोरँटोला असतो. तो म्हणतो तिकडं बँका पेन्शनच्या खात्यात भरायलाच कर्ज देतात. तसं पतसंस्थेतून १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ५ लाख उचलून एकदम एनपीएसमध्ये टाकले तर साठीपर्यंत त्याचे २३ लाख होतील का? तिसरं, वडील २०१८ ला साखर कारखान्यातून निवृत्त झाले. वाढीव पेन्शन हवी असेल तर साडेसात लाख भरा, असं पीएफ ऑफिसचं पत्र आलंय. एवढे पैसे कर्ज काढून भरायचे का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. सोनं तारण ठेवू नका. पाच लाखांचं कर्ज काढू नका. वडिलांच्या पत्राकडे मात्र याच आठवड्यात बसून बघा, कारण तिथं कर्ज काढणं शहाणपणाचं ठरू शकतं. तिन्ही कर्जं पेन्शनसाठीच आहेत. फरक एवढाच की परतफेडीचा पैसा कुठून येणार, आणि ज्या खात्यात तुम्ही पैसे घालताय त्यातून गरजेला काही बाहेर काढता येतं का. इतकी वर्षं लोकांचे कागद बघताना मला हेच दोन प्रश्न कामाला आलेत. परताव्याचा टक्का त्यानंतर येतो.

पहिल्या कर्जाचं आधी बघू, कारण त्याची गरजच नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा तुमचा हिशेब मांडतो. जुन्या पद्धतीत ११ लाखांतून ५०,००० प्रमाणित वजावट, दीड लाख ८०सी, दोन लाख गृहकर्जाचं व्याज गेलं की ७ लाख उरतात. त्यावर कर ५२,५००, वर ४ टक्के उपकर, एकूण ५४,६०० रुपये. एनपीएसमध्ये ५०,००० टाकले की करपात्र रक्कम साडेसहा लाखांवर येते आणि कर ४४,२०० होतो. म्हणजे ५०,००० अडकवून तुमचे १०,४०० वाचतात. आता नवी पद्धत. ११ लाखांतून ७५,००० प्रमाणित वजावट गेली की १० लाख २५ हजार. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य होतो, पगारदाराच्या बाबतीत १२ लाख ७५ हजारांपर्यंत. तुमचा कर शून्य. एक रुपयाही कुठं न भरता.

नीट लक्षात घ्या, १०,४०० वाचवायला तुम्ही बायकोचे दागिने घेऊन सराफांच्या गुजरीत निघाला होता, आणि ५४,६०० नुसत्या एका निवडीनं वाचतात. कारखान्याच्या अकाउंट्समध्ये तुम्ही एप्रिलला जुनी पद्धत लिहून दिली असेल आणि दर महिन्याला टीडीएस कापला गेला असेल तरी हरकत नाही. ज्याला धंद्याचं उत्पन्न नाही असा पगारदार माणूस दरवर्षी रिटर्न भरताना पद्धत बदलू शकतो. रिटर्न नव्या पद्धतीत भरा, कापलेला सगळा टीडीएस परत मागा. एक काळजी घ्या. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून नफा झाला असेल तर विशेष दरानं कर लागणाऱ्या त्या नफ्यावर ही सूट चालत नाही, तेवढा कर भरावाच लागतो. बाकी तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

आणि तो परतावा आला की त्यातलेच पैसे एनपीएसमध्ये टाका. कर्ज न काढता, व्याज न देता, दागिने कपाटात ठेवून.

मग जुनी पद्धत कुणाच्या कामाची उरली? कोल्हापुरात घर, त्यात आई-वडील राहतात, घरावर कर्ज आहे आणि स्वतः नोकरीसाठी पुण्यात भाड्यानं राहतात, अशी मंडळी माझ्याकडे बरीच येतात. त्यांना गृहकर्जाचं व्याज आणि घरभाड्याची वजावट दोन्ही मिळते. समजा पगार १६ लाख. प्रमाणित वजावट ५०,०००, ८०सी दीड लाख, व्याज दोन लाख, घरभाडं दोन लाख वीस हजार, मेडिक्लेम २५,०००. करपात्र रक्कम ९ लाख ५५ हजार, कर १,०७,६४०. नव्या पद्धतीत याच माणसाला १,१३,१०० भरावे लागतात. म्हणजे जुनी पद्धत थोडीशीच स्वस्त, आणि एनपीएसचे ५०,००० घातले की आणखी १०,४०० वाचतात. अशा माणसानं तीन महिन्यांसाठी ५०,००० महिना एक टक्क्यानं उचलले तर व्याज १,५०० होतं. हिशेबानं हे कर्ज फायद्याचं आहे, ते मी नाकारत नाही. पण अट कडक आहे. पैसे कुठून येणार ते आज माहीत हवं. गावाकडचं ऊसबिल येणं आहे, मुदतठेव एप्रिलमध्ये संपते, कंपनीचा बोनस जाहीर झालाय, असं काहीतरी ठोस. ऊसबिलाबद्दलही जपून बोलतो. कायद्यानं ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराची, रक्कम द्यायची असते, पण आपल्या जिल्ह्यात बिलासाठी आंदोलनं का होतात हे कोल्हापूरकराला सांगायला नको. बिल खात्यावर पडण्याची तारीख कारखान्याच्या मनावर असेल तर त्या भरवशावर सोनं गहाण टाकू नये. आणि भरायचेच असतील तर ३१ मार्चच्या संध्याकाळपर्यंत थांबू नका, वजावटीला रक्कम कधी जमा झाली ते बघितलं जातं.

इथं एक कायद्याची शंका नेहमी निघते: उसन्या पैशावर वजावट मिळते का? १९६१ च्या आयकर कायद्यात ८०सी यायच्या आधी कलम ८८ होतं. त्यात पैसे करपात्र उत्पन्नातून भरलेले असावेत अशी अट होती. ८०सी आणि एनपीएसच्या कलम ८०सीसीडी मध्ये ती अट नाही, वर्षभरात पैसे भरलेले असले म्हणजे झालं. विमा कंपनीच्या पेन्शन योजनेचं जे कलम ८०सीसीसी, त्यात मात्र ती अट अजून लिहिलेली आहे. म्हणजे कर्ज काढून एनपीएस भरलं तर वजावट मिळते. कर्जाच्या व्याजाची वजावट मात्र कुठंच मिळत नाही. उद्यमनगरातले वर्कशॉपवाले कधीकधी धंद्यासाठी बँकेनं दिलेल्या कॅश क्रेडिट कर्जातून एनपीएस आणि पीपीएफ भरतात आणि सगळं व्याज धंद्याच्या खर्चात दाखवतात. ते चूक आहे. व्याजाचा तेवढा भाग नामंजूर होतो, आणि धंद्याचा पैसा दुसरीकडे वळवला म्हणून बँक विचारते ते वेगळंच.

सोन्याबद्दल आणखी एक बोलायचंय, ते हिशेबाचं नाही. तुमच्या पत्नीच्या पाटल्या आणि साज हा तिचा निवृत्तीचा पैसा आहे. तिच्या नावावर पीएफ नाही, एनपीएस नाही, असं तुमच्याच पत्रावरून दिसतंय. तिचा पैसा गहाण टाकून तुमच्या नावाच्या खात्यात भरणं, आणि ते खातंही असं की मधेच अडचण आली तर दागिने सोडवायला त्यातून पैसे मिळत नाहीत, हे मला पटत नाही. उलट तिच्या नावानं एनपीएस खातं काढता येतं. वर्षाला १,००० रुपये भरले तरी ते चालू राहतं.

आता पाच लाखांकडे येऊ. याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण हा विचार हल्ली फार लोकांच्या डोक्यात आहे आणि ऐकायला तो अगदी बरोबर वाटतो. पैसा जितका लवकर कामाला लागेल तितका जास्त वाढेल, मग आजच ५ लाख कामाला लावू आणि कर्ज सावकाश फेडू. तुमचे २३ लाख कुठून आले तेही कळलं. १० टक्क्यांनी १६ वर्षांत ५ लाखांचे २२ लाख ९७ हजार होतात. आकडा बरोबर आहे. पण तो एकटा बघायचा नसतो.

१३ टक्क्यांनी पाच वर्षांचं ५ लाखांचं कर्ज म्हणजे महिन्याला ११,३७६ हप्ता. एकूण परतफेड ६ लाख ८२ हजारांच्या पुढं. आता समजा कर्ज काढलंच नाही आणि तोच ११,३७६ रुपयांचा हप्ता पाच वर्षं दर महिन्याला सरळ एनपीएसमध्ये भरला. त्याच १० टक्के वाढीनं पाच वर्षांच्या शेवटी ८ लाख ७१ हजार जमतात. कर्ज काढून एकदम टाकलेले ५ लाख तोवर ८ लाख ५ हजारांवर पोचलेले असतात. दोन्हीकडे खिशातून गेलेला पैसा सारखाच, तरी कर्जवाला ६५,००० नं मागं. पुढची अकरा वर्षं दोन्ही रकमा तशाच ठेवल्या तर साठीला एकाकडे जवळजवळ २४ लाख ८५ हजार, दुसऱ्याकडे २३ लाख. कर्ज काढून पुढं जायचं असेल तर एनपीएसनं दरवर्षी कर्जाच्या व्याजापेक्षा जास्त वाढ द्यायला हवी, तीही नेमकी त्या पहिल्या पाच वर्षांत. ऑक्टोबर २०२५ पासून एनपीएसमध्ये शंभर टक्के शेअरमध्ये गुंतवणूक करणाऱ्या योजनाही निघाल्या आहेत, आणि त्यांच्या जोरावर कुणी तुम्हाला १४-१५ टक्के सांगेल. बाजार देईलही कदाचित. पतसंस्था मात्र बाजार पडला म्हणून हप्ता थांबवणार नाही.

आणि वजावटीचं बघा. जुनी पद्धत घेणाऱ्यालाही ८०सीसीडी(१ब) ची जादा वजावट एका वर्षात ५०,००० च मिळते, हे कलम २०१५ च्या वित्त कायद्यानं आलं तेव्हापासून. ५ लाख एकदम टाकले तर ५०,००० ची वजावट एकदाच. हप्त्याहप्त्यानं भरले तर पाच वर्षं दरवर्षी ५०,०००, म्हणजे अडीच लाख. कर वाचवायला म्हणून कर्ज काढायचं आणि चार वर्षांची वजावट घालवायची, असा हा व्यवहार होतो. तुमचा कर शून्यच असल्यानं तुम्हाला तोही फायदा नाही.

भाच्याचं म्हणणं खोटं नाही, पण तिकडचे नियम वेगळे आहेत. कॅनडात आरआरएसपी नावाचं निवृत्तीचं खातं असतं. आदल्या वर्षीच्या कमाईच्या १८ टक्क्यांपर्यंत, एका कमाल मर्यादेत, त्यात भरता येतं आणि भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते. नव्या वर्षाच्या पहिल्या साठ दिवसांत भरलेलं मागच्या वर्षात धरता येतं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत तिथल्या बँका या खात्यासाठी कर्ज विकतात. मोठा कर भरणाऱ्या माणसाला कराचा परतावा मोठा येतो, रिटर्न भरल्यावर तो लवकर हातात पडतो आणि कर्जाचा मोठा भाग त्यातून फिटतो. व्याजाची वजावट तिथंही नाही. भरायची राहिलेली मर्यादा तिथं पुढच्या वर्षी वापरता येते, आपल्याकडे ५०,००० ची मर्यादा मार्च संपला की संपली. याच कारणानं आपल्याकडे मार्चमध्ये घाई होते. पण तिकडचा माणूस अडचणीत आला तर कर भरून त्या खात्यातून पैसे काढू शकतो. तुम्ही एनपीएसमधून तसे काढू शकत नाही, आणि माझा सगळा आक्षेप याच जागी आहे.

एनपीएसचं टियर-१ खातं हे साठीपर्यंत राखून ठेवायचं खातं आहे. तीन वर्षांनंतर स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत काढता येते, तेही मुलांचं शिक्षण, लग्न, घर, गंभीर आजार अशा ठरावीक कारणांसाठी. मधेच खातं बंद करायचं तर जमलेल्या रकमेतल्या ८० टक्क्यांची अ‍ॅन्युइटी घ्यावी लागते, म्हणजे विमा कंपनीकडून महिन्याची पेन्शन. रक्कम लहान असेल तरच सगळी हातात मिळते. डिसेंबर २०२५ मध्ये पेन्शन नियामकानं बिगरसरकारी सभासदांसाठी नियम सैल केले. मुदत पूर्ण झाल्यावर ८० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी काढता येते, ८ लाखांपर्यंत जमा असेल तर सगळीच. चांगला बदल आहे. पण तो सगळा शेवटच्या टोकाचा बदल आहे. पन्नाशीत कारखान्याची एक शिफ्ट बंद झाली, आणि पतसंस्थेचा हप्ता चुकायला लागला, तर खात्यात आठ लाख दिसत असूनही ते तुमच्या उपयोगाचे नाहीत. विहिरीला पाणी आहे आणि मोटारीची वीज तोडलेली आहे, अशी ती अवस्था. आधीच गृहकर्जाचे २२,००० जातात. त्यावर हे ११,३७६ म्हणजे महिन्याला ३३,००० च्या पुढं. हातात येणाऱ्या पगाराचा अर्धा भाग जवळजवळ हप्त्यांतच.

पतसंस्थेच्या कर्जात आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे व्याजाचा दर कसा लावलाय ते. काही ठिकाणी घटत्या शिल्लकेवर व्याज असतं, काही ठिकाणी मूळ रकमेवर सरसकट. मूळ रकमेवर ९ टक्के ऐकायला गोड वाटतात, पण पाच वर्षांच्या कर्जावर ते घटत्या शिल्लकेच्या हिशेबानं साडेपंधरा टक्क्यांच्या वर जातात. शिवाय कर्ज देतानाच शेअरची रक्कम कापून घेतली तर हातात ५ लाखही येत नाहीत आणि व्याज मात्र पूर्ण ५ लाखांवर. म्हणून दर विचारू नका, हप्ता किती आणि हातात किती पडणार एवढंच विचारा. त्यावरून खरा दर मीही काढून देतो, कुणीही काढून देईल.

दुसरी गोष्ट जामीनदारांची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. तुमच्या कर्जाला फौंड्रीतले दोघे सही करणार. पगारदारांच्या पतसंस्थेचा हप्ता महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली तुमच्या पगारातूनच कापला जातो. तुमची नोकरी सुटली की पतसंस्था त्या दोघांकडे वळते. मुलीच्या लग्नाला, आईच्या ऑपरेशनला, घराच्या स्लॅबला मित्र जामीन राहतो, ते मी समजू शकतो, तिथं वेळ थांबत नाही. पण सोळा वर्षांनी मला जास्त पेन्शन मिळावी म्हणून आज मित्राचा पगार अडकवायचा, हे मागायचं तुम्हाला जड वाटायला हवं. तुमच्या पत्रात जामीनदारांचा उल्लेखच नव्हता, म्हणून हे एवढं लिहिलं.

कुणी तुम्हाला गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घ्यायला सांगेल, नऊ टक्क्यांना मिळतं म्हणून. दर कमी, हे खरं. पण त्या पैशातून घराचं काम झालेलं नसेल तर त्याच्या व्याजाची वजावट नाही, आणि तारण म्हणून राहतं घरच आहे. क्रेडिट कार्डचा तर विषयच काढू नका. एनपीएसचं जे ऐच्छिक टियर-२ खातं, त्यात क्रेडिट कार्डनं पैसे भरणं नियामकानं ऑगस्ट २०२२ मध्ये बंद केलंय.

मग पैसे जमवायचे कसे? तुमच्या बाबतीत मी असं करीन. जुलै संपायच्या आत नव्या पद्धतीत रिटर्न. परतावा आला की त्यातले २०,००० बाजूला, मुलांच्या फी आणि दवाखान्यासाठी हाताशी. उरलेले एनपीएसमध्ये, हवे तर निम्मे पत्नीच्या नावानं. एप्रिलपासून महिन्याला ३-४ हजार, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, आपोआप जातील असे. दिवाळीचा बोनस आला की त्यातला एक भाग. घरी म्हशी असतील आणि गोकुळला दूध जात असेल तर दिवाळीचा दरफरक येतो, तोही याच कामाचा. मार्चची वाट बघायची नाही. मार्चमध्ये हातात पैसे नसतात, हे आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक पगारदार घरात खरं आहे. शाळेच्या फी, विम्याचे हप्ते आणि वाढलेला टीडीएस सगळं त्याच सुमाराला येतं. बाजाराची धाकधूक नको असेल तर पीएफमध्येच स्वेच्छेनं जादा रक्कम कापायला सांगा. २०२४-२५ चा पीएफचा दर ८.२५ टक्के होता, आणि अडीअडचणीला पीएफमधून पैसे काढणं एनपीएसपेक्षा पुष्कळ सोपं आहे.

तुमचा पगार पुढं पावणेतेरा लाखांच्या वर गेला तर कारखान्याला एक गोष्ट मागा. मालकानं पगारातूनच एनपीएसमध्ये भरलेली रक्कम, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या पद्धतीतही वजा होते. एक उदाहरण देतो. एकूण पगार साडेतेरा लाख, त्यात मूळ पगार साडेसहा लाख. काहीच केलं नाही तर नव्या पद्धतीत कर ७४,१००. त्याच साडेतेरा लाखांतले ९१,००० मालकानं एनपीएसमध्ये वळवले तर करपात्र रक्कम ११ लाख ८४ हजार, आणि कर शून्य. एका पैशाचं कर्ज नाही. ही सोय एमआयडीसीतल्या फार थोड्या कारखान्यांत दिलेली दिसते, कारण कामगार मागत नाहीत आणि अकाउंट्सवाला आपणहून सांगत नाही. ८०सीसीडी(२) असं नाव घेऊन मागा. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा नुसतं मालकाचं एनपीएस म्हणालात तरी समजेल.

आता वडिलांचं. पीएफला जोडलेल्या १९९५ च्या पेन्शन योजनेत मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के जातात, पण ते ठरलेल्या पगारमर्यादेवर. सप्टेंबर २०१४ पासून ती मर्यादा १५,००० आहे. म्हणून पस्तीस वर्षं राबलेल्या माणसालाही दोन-अडीच हजार पेन्शन मिळते. ज्यांचा पीएफ मर्यादेपेक्षा जास्त, म्हणजे खऱ्या पगारावर कापला जात होता त्यांना खऱ्या पगारावर पेन्शन घेण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानं मोकळा झाला. अर्जाची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. तुमच्या वडिलांनी अर्ज केला होता म्हणूनच हे पत्र आलंय. फरकाची सगळी रक्कम व्याजासकट आधी भरायची, मग वाढीव पेन्शन आणि निवृत्तीपासूनची थकबाकी मिळते. वडिलांनी पीएफ काढून घेतलाय, म्हणून ती रक्कम खिशातून भरायची वेळ आली.

तुम्ही दिलेले आकडे धरतो. आजची पेन्शन २,४००, वाढीव अंदाजे ८,८००. फरक महिना ६,४००. ऑगस्ट २०१८ पासून आजवर साडेसात वर्षं, म्हणजे थकबाकी ५ लाख ७६ हजारांच्या आसपास. भरायचे साडेसात लाख, त्यातले पावणेसहा लाख थकबाकीतच परत. उरले १ लाख ७४ हजार, ते २७-२८ महिन्यांच्या फरकात वसूल. त्यानंतर आयुष्यभर महिन्याला ६,४०० जास्त, आणि वडिलांनंतर आईला त्याच्या निम्मी पेन्शन. इथं परतफेडीचा पैसा कुठून येणार ते लिहून ठेवता येतं, आणि बहुतेक कर्ज थकबाकी जमा झाली की लगेच फिटतं. म्हणून इथं मी कर्जाच्या बाजूनं आहे.

पण आधी काही गोष्टी बघून घ्या. पत्रात भरायची रक्कम असते, मिळणारी पेन्शन तुम्ही अंदाजानं धरलीय. पीएफ ऑफिसकडून हिशेबाचा तक्ता लेखी मागा. नोकरीची २०१४ च्या आधीची आणि नंतरची वर्षं वेगवेगळी धरून पेन्शन काढली जाते, त्यात तुमचा ८,८०० चा आकडा बराच खाली येऊ शकतो. तो ६,००० वर आला तर थकबाकीही सव्वातीन लाखांवर येते आणि सगळं गणित परत मांडावं लागेल. थकबाकी एका वर्षात आल्यानं त्या वर्षी वडिलांचं उत्पन्न फुगलेलं दिसेल. थकबाकीचा कर मागच्या वर्षांवर वाटून धरायची सवलत (१९६१ च्या कायद्यात कलम ८९ आणि फॉर्म १०ई) त्यासाठीच आहे, आणि तो फॉर्म रिटर्नच्या आधी भरायचा. या पेन्शनमध्ये भरलेलं मुद्दल कधीच परत मिळत नाही, त्यामुळे वडिलांची तब्येत कशी आहे याचा विचार मोकळेपणानं घरात व्हायला हवा. ते निरोगी असतील, आई त्यांच्यापेक्षा वयानं लहान असेल, तर भरा.

कर्ज कुठून काढायचं? वडिलांनी निवृत्तीच्या पैशाची ठेव ठेवली असेल तर ती मोडण्याआधी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो का विचारा, ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त पडतो. ठेव पतसंस्थेत असेल तर ती मोडूनच भरा, बँकेच्या ठेवीला असतं तसं ५ लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नाही. ठेव पुरत नसेल तरच उरलेल्या रकमेचं कर्ज तुमच्या नावावर काढा. वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांना ते मिळणं अवघड आहे. तुम्हाला बहीण-भाऊ असतील तर कर्ज कुणी काढलं, थकबाकी आली की आधी कुणाचं फिटणार, हे साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. वडील हयात असताना, त्यांच्या समोर. येताना पत्राची प्रत, पेन्शनचं पासबुक, निवृत्तीआधीच्या पाच वर्षांच्या पगाराच्या पावत्या आणि पीएफचा उतारा घेऊन या. पत्रातली मुदत कधी संपते ते आजच बघा.